शनिवार-रविवारचा पाऊस : बेळगावात नव्यानं आलेल्यांसाठी

आमच्या माडीवर लातूरहून शिकायला आलेला एक मुलगा भाड्यानं राहतो. पहिल्याच जुलैत, एका शुक्रवारी रात्री, तो मोबाइल घेऊन खाली आला. "काका, उद्या बेळगावात हलका पाऊस दाखवतंय. कणकुंबीला जाऊन येतो मित्रांबरोबर."

"हलका पाऊस बेळगावात दाखवतंय की कणकुंबीत?"

"जिल्हा एकच आहे की काका."

गेला. संध्याकाळी परतला तेव्हा ओठ निळे पडलेले, बुटांत पाणी, आणि मोबाइल तांदळात पुरून ठेवायला आमच्या हिच्याकडे डबा मागत होता. बेळगावात त्या दिवशी खरंच हलका पाऊस होता. मी दुपारी छत्री न घेता भाजी आणली होती. अंदाज बरोबर होता, फक्त पोरगा जिथं चालला होता तिथला नव्हता.

दरवर्षी जूनमध्ये अशी पाच-सहा जणं तरी माझ्याकडे येतात : कॉलेजची मुलं, बँकेत बदली होऊन आलेले, लष्करातल्या कुणाची घरची माणसं. सगळ्यांचा प्रश्न एकच, "रविवारी पाऊस आहे का?" माझा उलटा प्रश्नही ठरलेला, "कुठल्या दिशेला निघालाय?" पुढचं सगळं त्या दिशेवरून ठरतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी पश्चिम आणि पूर्व

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर, सह्याद्रीच्या माथ्यापासून थोडं पूर्वेला आहे. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारं ओलं वारं घाटाला थडकतं, वर चढतं, थंड होतं आणि आपलं ओझं तिथंच रिकामं करतं. माथा ओलांडून ते खाली उतरायला लागलं की कोरडं होत जातं. शाळेच्या भूगोलात हे सगळ्यांनीच वाचलेलं असतं. पण हा फरक किती कमी अंतरात पडतो, ते इथं राहिल्याशिवाय कळत नाही. शहरात वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला तास-सव्वा तासावर असलेल्या कणकुंबीत तो याच्या कैक पट आहे. त्याच घाटरांगेतल्या आंबोलीत वर्षाचा आकडा सात हजार मिलिमीटरच्या आसपास जातो. आणि उलट दिशेला अथणी गाठलीत तर वर्षभराचा पाऊस सहाशेच्या आतबाहेर. आंबोलीत चार-पाच जोरदार दिवसांत पडतो तेवढा पाऊस अथणीच्या शेतकऱ्याला वर्षभर पुरवून वापरावा लागतो.

म्हणून डोक्यात जिल्ह्याचे चार तुकडे करून ठेवा.

पहिला तुकडा घाटाचा. खानापूर तालुक्याची पश्चिम बाजू : जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, आमगाव, भीमगडचं जंगल, खाली लोंढा. मलप्रभा कणकुंबीतच उगम पावते आणि म्हादईही याच तालुक्याच्या जंगलातून निघते. शेजारचे चंदगड, तिलारी आणि आंबोली सरकारी नकाशात महाराष्ट्रात असले तरी पावसाच्या हिशेबात याच तुकड्यात धरायचे.

दुसरा मधला : बेळगाव शहर, आजूबाजूची गावं, खानापूर शहर. इथला पाऊस झडीचा. जोर बेताचा, पण आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत आणि चपलांना बुरशी येते. या तुकड्याच्या पोटातही फरक आहेत. सांबऱ्याचा विमानतळ शहराच्या पूर्वेला, राकसकोपचा जलाशय पश्चिमेला. बेळगावचा म्हणून विमानतळावरचा आकडा तुम्ही पाहिलात आणि जायचंय उचगाव-बिजगर्णीकडे, तर मनातल्या मनात तो वाढवून घ्या. आमच्या वडगाव-शहापूरकडे तर आकड्यापेक्षा बळ्ळारी नाल्याकडे बघतात. नाला शिवारात शिरला की पाऊस किती झाला ते वेगळं विचारावं लागत नाही.

तिसरा उत्तरेचा : संकेश्वर, निपाणी, चिकोडी. पाऊस मध्यम, पण नद्या मोठ्या. त्यांच्यावर पुढं सविस्तर लिहिलंय.

चौथा पूर्वेचा : गोकाक, रायबाग, अथणी, सौंदत्ती, रामदुर्ग. बेळगावात झड लागलेली असताना इकडे बहुतेक वेळा नुसतं ढगाळ आणि वारं. जुलैत पावसाला कंटाळून ऊन बघायला पूर्वेला जाणारी माणसं मला माहीत आहेत, मीही त्यातलाच.

अंदाज कुणाचा वाचायचा

इथं नवा माणूस हमखास अडखळतो. भारतीय हवामान विभाग राज्यांचे उपविभाग करून अंदाज देतो. कर्नाटकाचे तीन : किनारपट्टी, उत्तर अंतर्गत भाग आणि दक्षिण अंतर्गत भाग. बेळगाव जिल्हा उत्तर अंतर्गत भागात येतो. म्हणजे कणकुंबीचं जंगल विजापूर-कलबुर्गीच्या काळ्या रानाबरोबर एकाच खान्यात! त्यामुळे "उत्तर अंतर्गत कर्नाटकात तुरळक ठिकाणी पाऊस" असं वाक्य ऐकून चोर्ल्याला निघायचं नाही. तुरळक म्हणजे उपविभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. आणि त्या पंचवीस टक्क्यांत खानापूरचा घाट पावसाळ्यात बहुधा असतोच.

यावर माझा तोडगा सोपा आहे. घाटाकडे जायचं असेल तर मी शेजाऱ्यांचे अंदाज वाचतो. आंबोली सिंधुदुर्गात, म्हणजे कोकण-गोवा उपविभागात. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे मध्य महाराष्ट्रात, आणि कोल्हापूरच्या घाटमाथ्यासाठी हवामान विभाग हल्ली वेगळा इशारा देतो. चोर्ल्याच्या पलीकडे उतरलं की गोवा. आपला घाट या तिघांच्या बेचक्यात आहे. सिंधुदुर्ग, उत्तर गोवा आणि कोल्हापूरचा घाट, तिन्हीकडे इशाऱ्याचा नारिंगी रंग असेल (रंगांचा अर्थ पुढं सांगितलाय) तर बेळगावच्या खान्यात पिवळा का असेना, कणकुंबीत नारिंगीच समजून चाला. सीमेवर राहण्याचा हा एक फायदा म्हणा. दोन राज्यांची भांडणं आपण ऐकतो, तसे दोन्हींचे अंदाजही ऐकून घ्यायचे.

कर्नाटक राज्याच्या नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राची पर्जन्यमापकं ग्रामपंचायतीपर्यंत पोचलेली आहेत. तालुक्याच्या खालच्या पातळीवर, म्हणजे होबळीवार, कालपर्यंत किती पाऊस झाला ते तिथं कळतं. अंदाज ते अंदाजच. काल जांबोटीत प्रत्यक्षात किती पडला हे कळणं मला जास्त मोलाचं वाटतं.

आता भाषा. इथल्या बातम्या आणि जिल्हा प्रशासनाच्या सूचना बऱ्याचदा कन्नडमध्ये येतात. घाबरायचं कारण नाही, दहा-बारा शब्दांत काम भागतं. मळे म्हणजे पाऊस (आपला ऊस-जोंधळ्याचा मळा नव्हे, आमच्या लातूरकराचा इथंच घोळ झाला होता). गाळी म्हणजे वारा. हगुर मळे हलका पाऊस, साधारण मळे मध्यम, भारी मळे म्हणजे भारीच. गुडुगु गडगडाट, मिंचु वीज. उत्तर ओळनाडु म्हणजे आपला उत्तर अंतर्गत भाग आणि करावळी म्हणजे किनारपट्टी. हळदी पिवळा, कित्तळे नारिंगी, केंपु लाल. नाळे म्हणजे उद्या. भानुवार म्हणजे रविवार. आणि पोरांचा आवडता शब्द रजे, म्हणजे सुट्टी. अतिपावसाची सुट्टी जिल्हाधिकारी बऱ्याचदा तालुकावार जाहीर करतात. त्यात खानापूरचं नाव आलं की घाटाचा बेत रद्द करायला दुसरा कुठला पुरावा लागत नाही.

रंग आणि आकडे

हवामान विभाग चोवीस तासांच्या पावसावरून शब्द ठरवतो. १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका. तिथून ६४.४ पर्यंत मध्यम. ६४.५ पासून ११५.५ पर्यंत जोरदार, ११५.६ पासून २०४.४ पर्यंत अतिजोरदार आणि त्याच्या वर अत्यंत जोरदार. यातला मध्यम हा शब्द फसवा आहे. चोवीस तासांत साठ मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटर जागेवर साठ लिटर पाणी, आणि तेही कदाचित दोन-तीन तासांतच. दुचाकीवर असाल तर मध्यम ऐकूनही घरी बसायला हरकत नाही.

रंगांचं असं : हिरवा, निश्चिंत राहा. पिवळा, लक्ष ठेवा. नारिंगी, तयारीत राहा. लाल, कृती करा. रंग ठरवताना नुसते मिलिमीटर बघत नाहीत. घटना घडण्याची शक्यता आणि तिचा परिणाम हेही धरतात.

आता एक बारीक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. शनिवारचा इशारा म्हणजे शनिवारी सकाळी साडेआठ ते रविवारी सकाळी साडेआठ. आणि "शनिवारी कणकुंबीत इतका पाऊस नोंदला गेला" असं वाचलंत तर त्यातला बराचसा शुक्रवारी दिवसा आणि रात्री पडलेला असतो. म्हणजे रविवारी पहाटे सहाला निघणाऱ्यानं शनिवारचा रंगही बघायचा आणि रविवारचाही.

आठवड्यात कधी काय बघायचं

सोमवारी रविवारचा अंदाज बघणं ही करमणूक आहे, ती खुशाल करा. मी गुरुवारी पहिल्यांदा बघतो, आणि तेही एवढंच की बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय का. नव्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. पाऊस येतो अरबी समुद्राकडून आणि हे काका बघतात बंगालकडे! पण तिकडे कमी दाब तयार होऊन पश्चिमेकडे सरकू लागला की इकडचे पश्चिमी वारे जोर धरतात आणि एक-दोन दिवसांत घाटावर धो-धो सुरू होतं. दुसरी खूण म्हणजे बातमीत किनारपट्टीला समांतर कमी दाबाचा पट्टा आल्याचं वाचायला मिळणं. दोन्ही एकदम असले तर शनिवार-रविवार पत्ते काढून ठेवा.

शुक्रवारी संध्याकाळी रंग बघतो. दुपारनंतर निघणाऱ्या पत्रकात पुढच्या दोन दिवसांचं चित्र बरंच पक्कं झालेलं असतं. बेत करायचा की मोडायचा ते तेव्हा ठरवावं, आणि एकदा मोडला की सकाळी ऊन बघून परत जोडू नये. पश्चिमेचा पाऊस बेळगावच्या उन्हाला विचारून पडत नाही.

निघायच्या सकाळी तीन तासांचा तातडीचा इशारा आणि गोव्याच्या रडारचं चित्र, एवढंच. रडारवर समुद्रावरून घाटाकडे रांगेनं येणारे ठिपके दिसले तर चहा आणखी एक घ्या.

मोबाइलमधल्या तयार ॲपचं काय? मी त्यांना शिव्या देत नाही, पण ती काय करतात ते माहीत असावं. जगभरासाठी चालणारी गणितं पृथ्वीचे चौकोन पाडतात. काहींचा चौकोन नऊ-दहा किलोमीटरचा, काहींचा पंचवीसच्या पुढचा. मोठ्या चौकोनात घाटमाथा, दरी आणि पठार एकत्र कालवले जातात आणि उंची सपाट होते. मग घाटातला पाऊस कमी दिसतो आणि पठारावरचा उगाच जास्त. आपल्या हवामान विभागानं २०२५ च्या मे महिन्यात सहा किलोमीटरच्या चौकोनांची भारत अंदाज प्रणाली सुरू केली, त्यामुळे घाटाच्या बाबतीत मी आता सरकारी आकडा आधी बघतो. ॲप वापरायचंच असेल तर निदान गावाचं नाव बदला. "बेळगाव" खोडून "कणकुंबी" घाला. आमच्या माडीवरच्या पोरानं तेवढं केलं असतं तरी मोबाइल वाचला असता.

आणि या सगळ्यावर एक फोन. जांबोटीच्या पुढं कुणी हॉटेलवाला, गाडीवाला ओळखीचा करून ठेवा. माझ्या ओळखीचा एक चालक आठवड्यातून चारदा गोव्याला जातो. त्याचा अंदाज एका वाक्याचा असतो. "आज नगा येऊ काका, धुकं लई हाय, म्होरची गाडी दिसंना." धुकं कुठल्या रंगात बसत नाही, पण चोर्ल्यात पावसापेक्षा तेच जास्त घात करतं. पेट्रोल बेळगावातच भरून घ्या, कणकुंबीकडे फोनला रेंज मिळेलच असं धरून चालू नका, आणि परतीला चार वाजता गाडीचं तोंड बेळगावकडे असू द्या. जंगलातल्या धबधब्यांवर पावसाळ्यात वनखात्याची बंदी असू शकते, ती आधी विचारून घ्या. रुळांवरून चालत दूधसागर गाठायची कल्पना कुणी मांडली तर हाणून पाडा. रेल्वेच्या कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि पावसात तिथं बाजूला व्हायला जागा नसते.

डोक्यावर ऊन, पायाखाली पूर

निपाणी-चिकोडीकडे राहायला आलेल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. तिथं रविवारी स्वच्छ ऊन असू शकतं, अंदाज हिरवा असू शकतो, आणि तरीही तुम्ही ज्या पुलावरून जाणार तो पाण्याखाली असू शकतो. कारण तिथल्या नद्यांचं पाणी तिथं पडतच नाही. कृष्णा महाबळेश्वराहून येते, दूधगंगा राधानगरीच्या बाजूनं, वेदगंगा भुदरगडाकडून. तिकडे तीन दिवस कोसळलं आणि धरणांतून विसर्ग सुरू झाला की इकडे कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, कुन्नूर-भोजवाडी असे खालच्या पातळीचे बंधारा-पूल एकामागून एक पाण्याखाली जातात. ही नावं दर पावसाळ्यात पेपरात याच क्रमानं नाही, पण येतात नक्की. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत तर पुणे-बेंगळूर महामार्गच पुरानं बंद पडला होता.

तेव्हा या बाजूला जाताना आपल्या गावचा पाऊस सोडा. कोयना, राधानगरी, काळम्मावाडी या धरणांचा विसर्ग आणि कोल्हापूर-साताऱ्याच्या घाटाचा मागच्या दोन-तीन दिवसांचा पाऊस बघा. पाणी चालत येतं, त्याला वेळ लागतो. शुक्रवारी तिकडे पडलेला रविवारी तुमच्या पुलावर असू शकतो.

याच गणिताची गोड बाजू गोकाकला बघायला मिळते. गोकाकमध्ये जुलैत टोपी घालून फिरावं लागेल इतकं कोरडं असतं, पण घटप्रभा आणि हिरण्यकेशी आंबोलीच्या पट्ट्यातून पाणी आणत असतात. घटप्रभेवरचं हिडकल धरण भरून पाणी सोडलं की सुमारे १७० फुटांवरून पडणारा गोकाकचा धबधबा लालभडक होऊन गर्जायला लागतो. म्हणून गोकाकला जायचा रविवार मी आंबोलीच्या पावसावरून ठरवतो. आंबोलीत आठवडाभर झोडपलं, हिडकलचे दरवाजे उघडल्याची बातमी आली, की निघायचं. फक्त पाणी फारच वाढलं असेल तर लोळसूरच्या पुलाची चौकशी आधी.

महिना बदलला की दिशा बदलते

वर सांगितलेलं सगळं जून ते ऑगस्टचं. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो आणि त्याची रीत उलटी आहे. सकाळी रणरणतं ऊन, दुपारी तीनला पूर्वेकडून काळं आभाळ, मग वारा, धूळ, गारा, आणि तासाभरात सगळं शांत. वळवाच्या अंदाजात ठिकाण विचारू नये. शहापुरात पडेल आणि टिळकवाडीत जमीनही भिजणार नाही. तिथं वेळ बघायची. सकाळी कामं उरका, दुपारनंतर झाडाखाली, उघड्या माळावर थांबू नका. विजांसाठी दामिनी नावाचं सरकारी ॲप आहे, ते वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघातली वीज दाखवतं. पूर्वेला शेत असलेल्या माझ्या मेव्हण्याच्या फोनवर मी ते स्वतः घालून दिलंय.

सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा गडगडाट पूर्वेकडून. अथणी-रायबागला वर्षातला चांगला पाऊस मिळतो तो बहुधा याच दिवसांत, त्यामुळे जुलैत कोरडी म्हणून ओळख झालेल्या पूर्वेला तेव्हा छत्री न्यायची. इथले म्हातारे शेतकरी अजून नक्षत्रांत बोलतात : मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, शेवटी हस्ताचा हत्ती. "पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा" ही म्हण येळ्ळूरच्या भातवाल्याकडून ऐकलीत तर समजा, यंदा पाणी पुरलंय. तारखेला हे ठोकताळे लागू पडतातच असं नाही. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कुणी "मृग कोरडा चाललाय" म्हणालं तर त्याला कालचा, परवाचा आणि गेल्या चाळीस वर्षांचा पाऊस आठवत असतो. अशा माणसाजवळ दहा मिनिटं बसावं. जाता जाता तो राजहंसगडाकडे बघून सांगेल. गड दिसेनासा झाला की पाऊस वडगावात पोचायला फार वेळ लागत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी अंदाजात वाचण्यासारखं थोडंच. पाऊस क्वचित. बघायचं ते किमान तापमान, कारण दुपारच्या उन्हाला फसून लोक शर्टावर निघतात. पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर मुक्कामाला जाणार असाल तर स्वेटर आणि पांघरूण दोन्ही घ्या. उघड्या माळावर बैलगाडीखाली किंवा गाडीच्या टपाशी पहाटे चारला जे वारं लागतं, ते बेळगावच्या किमान तापमानाच्या आकड्यात दिसत नाही.